प्रयोगाचा खर्च कोणी सोसावा?

प्राप्तिकर हा काही वसंतातल्या संध्याकाळी हौसेने ऐकावयाचा विषय नव्हे, हे मी जाणून आहे. कर भरावयाचा असतो; तो मुदतीत भरावयाचा असतो; आणि त्याविषयी बोलावयाचेच झाले तर ते वकिलाशी किंवा हिशेबनिसाशी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु राज्यकर्त्यांचे मन त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या करांच्या कायद्यात अधिक उघडे पडते. कोणता खर्च सरकार ‘धंद्याचा खरा खर्च’ म्हणून मान्य करते आणि कोणता ‘ही तुमची हौस’ म्हणून बाजूला सारते, यावरून त्या त्या काळी कशाची किती किंमत होती हे नेमके कळते.

आज एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. कारखानदार एखादी नवी रीत, नवे यंत्र, नवा माल शोधण्यासाठी प्रयोग करतो. त्यांतले बरेचसे फसतात. जो साधतो त्याचा लाभ मात्र त्याच्या एकट्याकडे राहत नाही. शेजारचा कारखानदार पाहून शिकतो, गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो, गावातल्या कारागिराच्या हाताला नवे वळण लागते. मग फसलेल्या प्रयोगाचा खर्च त्या एकट्यानेच का सोसावा? आणि समाजाने त्यातला वाटा उचलावयाचा ठरविला, तर हा खरोखर प्रयोगच होता, हे कोणी ठरवावे?

या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्या नागपुरात सापडतात. एका टोकाला एम्प्रेस मिल आहे. दुसऱ्या टोकाला छिंदवाडा रस्त्यावरची प्रत्यक्ष कर अकादमी आहे. १९५७ साली येथे प्राप्तिकर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची शाळा निघाली, आणि तेव्हापासून भारतीय महसूल सेवेतील प्राप्तिकर अधिकाऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या या गावात शिकून देशभर गेल्या. प्रयोग करणारा आणि प्रयोगाचा हिशेब तपासणारा असे दोघेही या गावाने पाहिले आहेत.

जुम्मा तलावाकाठचा प्रयोग

जमशेटजी टाटा यांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८७४ साली स्थापन केली. मुंबई सोडून ते नागपूरला का आले याची कारणे सरळ होती. कापूस येथे पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्येच नागपूरपर्यंत येऊन पोचली होती. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत भर घालण्याचे काम सुरू झाले, तेव्हा येथल्या एका सावकाराने, हा गृहस्थ पैसा जमिनीत पुरतो आहे, असे म्हणून भांडवल देण्यास नकार दिला. पुढे त्यानेच, या माणसाने माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली; तिचे नाव त्यावरूनच पडले.

ही गिरणी सुरुवातीपासूनच भरभराटीत चालली असे मानण्याचे कारण नाही. पहिली यंत्रे स्वस्तातली घेतली होती, आणि माल त्या किमतीला साजेसाच निघाला. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले. गिरणीचा धंदा त्यांना परका होता. परंतु स्वस्त यंत्र शेवटी महाग पडते हा धडा मालकाने आणि व्यवस्थापकाने लवकर घेतला. आणि मग जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

त्या काळी सूत कातण्याची दोन यंत्रे प्रचारात होती. लँकेशायरचा सारा भर ‘म्यूल’ या यंत्रावर होता. ते सूत ओढते, पीळ देते, मग थांबून ते गुंडाळते. म्हणजे त्याच्या कामात खंड पडतो, आणि ते चालवावयास निष्णात कारागीर लागतो. दुसरे ‘थ्रॉसल’. ते अखंड चालते, पण चात्यावरच्या जड पंखामुळे त्याच्या वेगाला मर्यादा पडते. अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ मध्ये तिसरीच युक्ती काढली होती. चात्याभोवती एक पोलादी कडे बसवावयाचे, त्या कड्यावरून एक बारीकशी आकडी फिरती ठेवावयाची, आणि तिच्यातून सूत ओवावयाचे. जड पंख गेला, वेग वाढला, काम अखंड झाले. हेच रिंग-यंत्र. अमेरिकेत ते रुळले तरी इंग्लंडमधील गिरणीवाले आपल्या म्यूलला चिकटून राहिले, आणि त्यांचे ऐकून यंत्रे बनविणारेही.

जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास दोन रिंग-यंत्रे आणवून ती एम्प्रेस मिलमध्ये लावून पाहिली. आपल्या कापसाला, आपल्या हवेला, आपल्या कामगाराच्या हाताला ती कितपत मानवतात याची परीक्षा येथे झाली. परीक्षेत ती उतरली, तेव्हा त्यांनी प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रकारांकडे मागणी केली. त्या पेढीने उत्साह दाखविला नाही. मग ब्रुक्स अँड डॉक्सी या दुसऱ्या पेढीकडून यंत्रे घेतली गेली. म्हणजे जे लँकेशायरला पटले नव्हते ते नागपूरने पारखून स्वीकारले, आणि पुढे हिंदुस्थानातील गिरण्या रिंगकडे वळल्या त्यांत या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

याला कोणी त्या काळी ‘संशोधन’ म्हटले नाही. पण कोणता कापूस कोणत्या वेगाला तुटतो, आकडीचे वजन किती असावे, हवेत ओल किती लागते, हे सारे तपासून पाहणे म्हणजे संशोधन नव्हे तर काय? आणि त्या तपासणीत वाया गेलेला कापूस, थांबलेली यंत्रे, कामगाराचे गेलेले तास, हा सारा खर्च भागधारकांच्या पदरचा होता.

सरकार तेव्हा काय करीत होते?

हिंदुस्थानात प्राप्तिकर १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला, तो १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी. तो मधून मधून बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. कंपनीच्या नफ्यावर रुपयास पाच पै, म्हणजे शेकडा अडीच रुपयांहून थोडा अधिक, असा तो दर होता. आज तो क्षुल्लक वाटेल. पण त्या कायद्यात संशोधनाच्या खर्चाला वेगळे स्थान नव्हते, आणि ते असावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

उलट, गिरणीवाल्यांना निराळाच अनुभव आला. आयात कापडावर जकात बसविणे भाग पडले तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी देशी मालावरही कर लादण्यात आला. १८९४ मध्ये तो बारीक सुतावर बसला आणि १८९६ मध्ये गिरणीच्या कापडावर शेकडा साडेतीन या दराने कायम झाला. तो १९२५ च्या अखेरीस तहकूब होऊन १९२६ मध्ये रद्द होईपर्यंत तीस वर्षे चालला. ज्या गिरणीने स्वतःच्या खर्चाने देशाला नवी रीत शिकविली तिच्या प्रत्येक ठाणावर सरकारने शंभरामागे साडेतीन रुपये घेतले, हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

याच सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात निराळा विचार मांडीत होते. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत आपण आज बसलो आहोत तिचा पाया १८७५ मध्ये घालणाऱ्यांत ते प्रमुख होते. १८९० च्या औद्योगिक परिषदेत आणि १८९२ च्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी प्रतिपादन केले ते थोडक्यात असे, की इंग्लंडात तयार झालेले अर्थशास्त्र जसेच्या तसे येथे लागू पडत नाही, आणि मागासलेल्या देशातील उद्योगाला मार्ग दाखविणे व आधार देणे हे राज्याचे काम आहे. करसवलतीचे कलम रानड्यांनी लिहिले नाही. पण ते लिहिण्यामागे जी विचारसरणी लागते ती त्यांनी मराठी मनात रुजविली.

सवलत नव्हे, पट्टी

पहिल्या महायुद्धात विलायतेहून रंग, रसायने, यंत्रांचे भाग येणे थांबले आणि सरकारचे डोळे उघडले. १९१६ मध्ये सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या अहवालात, उद्योगाला शास्त्रज्ञांची जोड सरकारने द्यावी, असे सांगितले होते.

विदर्भाच्या दृष्टीने यानंतरची महत्त्वाची घटना म्हणजे १९२३ चा कापूस उपकर कायदा. येथे सरकारने सवलत दिली नाही. उलट पट्टी बसविली. परदेशी जाणाऱ्या आणि देशी गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे पहिली तीन वर्षे चार आणे आणि पुढे दोन आणे गोळा करावयाचे, आणि तो पैसा मध्यवर्ती कापूस समितीने संशोधनावर खर्च करावयाचा, अशी ती योजना होती. त्या पैशातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याची प्रयोगशाळा उभी राहिली.

ही कल्पना नीट पाहावी. संशोधनाचा लाभ साऱ्या धंद्याला होतो, तेव्हा साऱ्या धंद्याने थोडे थोडे द्यावे, हे तिचे तत्त्व. यात लबाडीला जागा कमी, कारण गाठ मोजता येते. पण यात एक उणीवही आहे. काय शोधावयाचे हे समिती ठरविते. गिरणीतल्या एखाद्या जॉबरच्या डोक्यात आलेली कल्पना तेथपर्यंत पोचत नाही. पुढे सवलतीचा मार्ग आला तो या उणिवेवरचा उपाय म्हणून पाहता येतो. सवलतीत काय शोधावयाचे ते धंदेवाला ठरवितो आणि सरकार केवळ त्याच्या खर्चात भागीदार होते.

तिसरा मार्ग दानाचा. कामठीचे मँगनीजचे व्यापारी रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. त्यांनी आपल्या मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाखांची संपत्ती उपयोजित शास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली. २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. ही देणगी करसवलतीकडे डोळा ठेवून दिलेली नव्हती, कारण तशी सवलत त्या वेळी नव्हतीच. खाणीतून मिळविलेला पैसा ज्ञानासाठी परत करावा एवढीच त्यामागची बुद्धी होती. पण दानशूर पिढ्यांतून एखादाच निघतो, आणि देशाचे संशोधन योगायोगावर सोडता येत नाही.

१९४६ : कलम येते

इंग्लंडने पहिल्या महायुद्धातच, १९१६ मध्ये, शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाचे खाते काढले होते आणि धंदेवाल्यांनी मिळून संशोधन मंडळे काढावीत म्हणून दहा लाख पौंडांचा निधी बाजूला ठेवला होता. दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४ च्या वित्त कायद्यात, संशोधनावर झालेला खर्च नफ्यातून वजा करण्याची मोकळीक त्याने दिली.

हिंदुस्थानातही १९४० मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ आणि १९४२ मध्ये त्याची परिषद स्थापन झाली. शांतिस्वरूप भटनागर हे तिचे कर्णधार. आणि १९४६ मध्ये १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती होऊन संशोधनाच्या खर्चाची कलमे प्रथमच दाखल झाली. त्यांत तीन गोष्टी होत्या. धंद्याशी संबंधित संशोधनाचा चालू खर्च, म्हणजे पगार आणि सामान, पूर्ण वजा होई. मान्य संशोधन संस्थेला अथवा विद्यापीठाला दिलेली रक्कम वजा होई. आणि प्रयोगशाळेची इमारत, यंत्रे यांसारखा भांडवली खर्च पाच वर्षांत, दरवर्षी एक पंचमांश, वजा होई.

‘वजावट’ या शब्दाचा येथे थोडा खुलासा केला पाहिजे, कारण पुष्कळांचा असा समज असतो की सरकार खर्च झालेली रक्कम परत देते. तसे नाही. समजा, एखाद्या कंपनीने संशोधनावर १० लाख रुपये खर्च केले आणि कराचा दर शेकडा ३० आहे. हे १० लाख नफ्यातून वजा झाले म्हणजे कर ३ लाखांनी कमी होतो. उरलेले ७ लाख कंपनीचेच गेले. प्रयोग फसला तर दहा रुपयांतले सात मालकाचे बुडाले आणि तीन समाजाचे, एवढाच त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आणि १ एप्रिल १९६२ पासून अमलात आला. त्यातले कलम ३५ हेच संशोधनाचे कलम. त्याची व्याख्या उदार होती. नैसर्गिक किंवा उपयोजित शास्त्रांच्या क्षेत्रात ज्ञानाची वाढ करणारे कार्य म्हणजे शास्त्रीय संशोधन. आणि शेती, पशुसंवर्धन व मासेमारी यांचाही त्यात समावेश होता. कापूस आणि संत्री पिकविणाऱ्या प्रदेशाने हा ‘शेती’ शब्द विसरू नये.

मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १९६७ मध्ये, पाच वर्षांची अट गेली; ३१ मार्च १९६७ नंतरचा भांडवली खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होऊ लागला. आणखी एक सोय पुढे झाली. धंदा सुरू होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत संशोधनासाठी दिलेले पगार आणि घेतलेले सामान, योग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यानिशी, धंदा सुरू झाला त्या वर्षीचा खर्च मानला जाऊ लागला. भांडवलाची ओढाताण असलेल्या नवख्या उद्योजकाला ही तरतूद फार मोलाची होती. भांडवली खर्चाला पुरेल एवढा नफा त्या वर्षी नसेल तर न वळलेली वजावट पुढच्या वर्षांत ओढता येई. मात्र कायदा भोळा नव्हता. संशोधनाचे यंत्र दुसऱ्या कामाला न लावता विकून टाकले, तर आलेली किंमत त्या मर्यादेत नफा धरून तिच्यावर कर बसे.

सवाई, दीडपट, दुप्पट

यानंतर सरकार एक पाऊल पुढे गेले. खर्च केला त्याहूनही जास्त वजा करा, असे ते म्हणू लागले. सत्तरीच्या दशकात मान्य संस्थांकडून करवून घेतलेल्या संशोधनासाठी खर्चाच्या एक आणि एक तृतीयांश पट वजावट मिळू लागली. ती १९८४ पर्यंत टिकली. १९७३ मध्ये कारखान्यांतील संशोधन विभागांना सरकारी मान्यता देण्याची योजना सुरू झाली; १९८५ मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधन विभाग निराळा झाल्यावर ती त्याच्याकडे आली.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि परदेशी मालाशी टक्कर द्यावयाची तर संशोधन हवे हे सर्वांनाच पटले. १९९३ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेल्या कामावर सवाई वजावट दिली. नागपूरला तिचा अर्थ उघड होता. १९५८ मध्ये येथे स्थापन झालेली, आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकी संस्था, तसेच १९७६ ची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अशा राष्ट्रीय प्रयोगशाळा गावातच होत्या. एखाद्या कारखान्याने आपल्या सांडपाण्याचा प्रश्न ‘नीरी’कडे रीतसर सोपविला, तर रुपयाला सव्वा रुपया वजा होण्याची वाट मोकळी झाली.

१९९७ मध्ये पी. चिदंबरम यांनी कंपनीच्या स्वतःच्या आवारातील संशोधनालाही सवाई वजावट दिली. पुढे ती दीडपट झाली आणि २०१० मध्ये प्रणव मुखर्जी यांनी दुप्पट केली. मघाचेच उदाहरण घ्या. १० लाखांच्या खर्चाला २० लाखांची वजावट म्हणजे शेकडा ३० दराने ६ लाखांचा कर वाचला. दहांतले सहा रुपये समाजाचे, चार मालकाचे. इतकी उदार सवलत जगात थोड्याच देशांत असेल.

परंतु विदर्भाच्या बाजूने पाहिले तर चित्र इतके उजळ नाही. पहिली गोष्ट, १९९७ च्या कलमात औषधे, रसायने, इलेक्ट्रॉनिक वस्तू, संगणक, दूरसंचार अशा उद्योगांची नावे होती. कापड व संत्री यांची नव्हती. २००९ मध्ये सर्व उत्पादक उद्योगांना दार उघडले (मद्य, तंबाखू, साबण, चॉकलेट यांसारख्या मालाची अकरावी अनुसूची वगळून), तोपर्यंत आपल्याकडील गिरण्यांचे दिवस संपत आले होते. ज्या गिरणीने रिंग-यंत्राचा प्रयोग केला तिला ही दुप्पट वजावट मागण्याची संधी लाभलीच नाही. दुसरी गोष्ट, ही वजावट कंपनीलाच होती. भागीदारीचा किंवा एकट्या मालकाचा कारखाना तिच्या कक्षेबाहेर राहिला; त्याला कलम ३५ ची साधी, म्हणजे रुपयाला रुपया, एवढीच वजावट होती.

हे संशोधन आहे, हे कोणी ठरवावे?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समाजाचा पैसा द्यावयाचा तर पारख हवी. कायद्याने ही पारख दोघांत वाटून दिली. अमुक काम संशोधन आहे की नाही असा वाद निघाला तर तो प्राप्तिकर अधिकाऱ्याने स्वतः निकालात काढावयाचा नव्हता; तो मंडळामार्फत शास्त्र जाणणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावयाचा, आणि त्याचा निर्णय अखेरचा. हिशेब तपासणे हे मात्र करखात्याचे काम. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. छिंदवाडा रस्त्यावर शिकलेला अधिकारी कितीही हुशार असला, तरी चात्याचा वेग वाढविण्यात नवे काय आहे हे त्याने सांगावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावरच अन्यायाचे आहे.

तरीही वाद झाले. संशोधन विभागाला मान्यता एका तारखेला मिळाली, पण खर्च त्याच वर्षी मान्यतेच्या आधी झाला. तो धरावयाचा की नाही? क्लॅरिस लाइफसायन्सेस या औषध कंपनीच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने तो धरला. औषधाची रुग्णांवरील चाचणी कंपनीच्या आवारात होत नाही, ती रुग्णालयात होते. मग ती ‘आवारातील संशोधन’ कशी? कॅडिला हेल्थकेअरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हाही खर्च ग्राह्य मानला. न्यायालयांचा कल असा दिसतो की कलमाचा हेतू पाहावा, अक्षरावर अडून बसू नये. पुढे १ जुलै २०१६ पासून नियम बदलून, मान्य खर्चाचा आकडाही शास्त्रीय विभागानेच दरवर्षी कळवावा, अशी व्यवस्था झाली.

दुसरीकडे, उदार सवलतीला वाळवीही लागली. मान्य संशोधन संस्थांना दिलेल्या देणगीवर एके काळी पावणेदोनपट वजावट होती. तिचा फायदा घेऊन, देणगी धनादेशाने घ्यावयाची, दलाली कापून रोख परत करावयाची, आणि देणगीदाराने पावणेदोनपट वजावट मागावयाची, असा धंदा काही संस्थांनी मांडल्याचे करखात्याच्या तपासण्यांत २०१५ च्या सुमारास उघडकीस आले. ज्याने खरोखर प्रयोगशाळा बांधली त्याच्याकडे यानंतर अधिक संशयाने पाहिले जाऊ लागले, ही त्यातली खरी हानी. लबाडाची शिक्षा प्रामाणिकाला भोगावी लागते ती अशी.

सरकारने मग हात आखडता घेतला. २०१६ मध्ये अरुण जेटली यांनी कंपनीकराचा दर उतरविण्याच्या धोरणाबरोबर सवलती कमी करण्याचा क्रम जाहीर केला. दुपटीची वजावट १ एप्रिल २०१७ पासून दीडपट आणि १ एप्रिल २०२० पासून साधी झाली. २०१९ मध्ये कंपन्यांना शेकडा २२ हा कमी दर निवडण्याची मुभा मिळाली. तो निवडला की विशेष सवलती सोडाव्या लागतात, स्वतःच्या संशोधनाचा साधा खर्च मात्र वजा होतो. म्हणजे मघाच्या १० लाखांवर आता सुमारे २ लाख २० हजारांचाच कर वाचतो. २०२५ साली संमत झालेला नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणावयाचे ठरले. त्यातही संशोधनाच्या खर्चाची वजावट राखलेली आहे. त्याच वर्षी खाजगी संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. तिचा मार्ग दीर्घ मुदतीच्या, अल्प व्याजाच्या किंवा बिनव्याजी वित्तसाहाय्याचा आहे. चक्र पुन्हा फिरले. करातली सवलत कमी झाली आणि थेट मदत वाढली.

या साऱ्यातून निष्पन्न काय झाले? देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ इतकाच होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा शेकडा ३६ च्या आसपास होता. दुप्पट वजावटीची वर्षे येऊन गेली तरी हा आकडा एकावर गेला नाही. यावरून सवलत निरुपयोगी ठरते असे मी म्हणणार नाही; ती नसती तर तो आणखी खाली असता, हेही संभवते. पण ज्याला प्रयोगाची ओढ नाही त्याला सवलत ती लावू शकत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

वहीत न लिहिलेले संशोधन

शेवटी आपल्या गावाच्या कामाची एक गोष्ट. हिंगणा, बुटीबोरी, कामठी येथील लहान कारखान्यांत, जिनिंगमध्ये, संत्र्याच्या बांधणीत रोज काहीतरी करून पाहिले जाते. दाता बदलतो, मिश्रण बदलते, तापमान बदलते. त्यातले पुष्कळसे कायद्याच्या व्याख्येत बसेल. पण ते मागता येत नाही, कारण ते कोठे लिहिलेले नसते. नेहमीची मालाची तपासणी, बाजाराची पाहणी, वेष्टनाचा रंग बदलणे, हे संशोधन नव्हे. शास्त्रीय विभाग ते मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जे खरोखर नवे आहे त्यासाठी तीन गोष्टी लागतात: प्रश्न काय होता आणि त्याचे उत्तर आधी का माहीत नव्हते याची नोंद, त्यावर कोणी किती दिवस काम केले व किती सामान लागले याचा वेगळा हिशेब, आणि काय निष्पन्न झाले, फसले असल्यास का फसले, याचे टिपण. मोठ्या कंपनीजवळ यासाठी माणसे असतात. लहान कारखान्याजवळ एक वही असली तरी पुरते, आणि ती तारीखवार भरलेली असली म्हणजे झाले.

ती वही केवळ करासाठी नव्हे. एम्प्रेस मिलच्या रिंग-यंत्राची हकीकत आपल्यापर्यंत आली ती तिचा मालक मोठा माणूस होता आणि त्याचे चरित्र लिहिले गेले म्हणून. त्या यंत्रावर उभे राहून, सूत कोठे तुटते हे ज्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले, त्या कामगारांची आणि जॉबरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे ज्ञान गिरणीच्या भोंग्याबरोबर विरून गेले. समाजाने प्रयोगाच्या खर्चाचा वाटा उचलावा, हे मला सर्वथा मान्य आहे. पण त्याच्या बदल्यात समाजाचाही एक हक्क आहे. जे शोधले ते, आणि जे शोधता आले नाही तेही, लिहून ठेवले जावे. तसे झाले म्हणजे फसलेल्या प्रयोगात गेलेले रुपयेही वाया जात नाहीत. पुढच्या माणसाला ती वाट पुन्हा चालावी लागत नाही.